बाद फेरीत आणखी दोन खुर्च्या टाकल्या तर?

या वेळच्या टपालात तीन पत्रं अशी निघाली, की त्यांचा प्रश्न मुळात एकच आहे. म्हणून तिन्ही एकत्र घेतो. गुडघेदुखी आणि सकाळच्या चालण्याबद्दल विचारणाऱ्यांनी रागावू नये, त्यांची पाळी पुढच्या अंकात.

प्रश्न : सर, मी अमळनेरची, सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. मुलगा न्यू जर्सीत असतो. तिकडे त्याला अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला आणि त्याने संघ धरला तो न्यू यॉर्क जेट्स. सोमवारी सकाळी त्याचा फोन आला की ‘हॅलो’वरूनच कळतं, हरले. आता तो म्हणतो, बाद फेरीत आणखी संघ घ्यायला पाहिजेत, म्हणजे पडत्या संघांना काही आधार होईल. सूनबाई म्हणते, मग सगळ्यांनाच घ्या, साखळी खेळता कशाला? दोघांचं यावरून जुंपतं आणि निवाडा माझ्याकडे मागतात. मला त्या खेळातलं एवढंच कळतं की चेंडू लांबुळका असतो. कोणाचं बरोबर?
— सु. पा., अमळनेर

उत्तर : ताई, निवाडा सूनबाईच्या बाजूने. मुलाला राग येईल, पण जेट्सवाल्यांना राग गिळायची सवय असते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. हा मेस्सीचा फुटबॉल नाही. डोक्याला हेल्मेट, हातात चेंडू आणि अंगावर येणाऱ्याला आडवं करणं, असा हा अमेरिकेतला खेळ. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. सोळा-सोळाच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूत चार-चार संघांचे चार गट. साखळीत प्रत्येकाचे १७ सामने. मग दोन्ही बाजूंनी सात-सात, असे १४ संघ बाद फेरीत जातात : चार गटविजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन. पहिल्या क्रमांकाला पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. बाकी जो हरला तो घरी. शेवटचा सामना म्हणजे सुपर बाऊल.

हे दार आधीही रुंद होत आलं आहे. १९७८ मध्ये १० संघ झाले, १९९० मध्ये १२, २०२० मध्ये १४. एकदा रुंद केलेलं दार पुन्हा अरुंद करायला कोणी गवंडी बोलवत नाही, हे लक्षात ठेवा.

आता २०२० ला जो सातवा आत घेतला, तो कोण निघाला ते बघू. पहिल्याच वर्षी एका बाजूने इंडियानापोलिस कोल्ट्स : ११ विजय, ५ पराभव. याला पडता संघ म्हणायचं? दुसऱ्या बाजूने शिकागो बेअर्स, आठ जिंकून आठ हरलेले. तेही मधल्या फळीतलेच. २०२० ते २०२४ या पाच हंगामांत असे दहा सातवे आत आले आणि त्यातले नऊ पहिल्याच सामन्यात गारद झाले. एकट्या ग्रीन बे पॅकर्सने जानेवारी २०२४ मध्ये डॅलस काउबॉयजना त्यांच्याच घरी ४८-३२ असं झोडपलं, पण पुढच्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोने त्यांना २४-२१ ने घरी पाठवलं. (ग्रीन बे हे गाव लाखभर वस्तीचं, म्हणजे तुमच्या अमळनेराएवढं. आणि संघ गावकऱ्यांच्या मालकीचा! त्यावर एकदा स्वतंत्र लिहायचं आहे.)

दहावीला पास व्हायची रेषा ३५ वरून ३० वर आणली, तर ३२ वाला पेढे वाटेल. आठ गुणवाला होता तिथेच राहील. बाद फेरी वाढवण्याचं नेमकं हेच होतं. फायदा सातव्या-आठव्याला, नाव मात्र सोळाव्याचं.

तुमच्या मुलाच्या संघाचाच हिशोब मांडू. जेट्स बाद फेरीत शेवटचे दिसले २०१० च्या हंगामात. त्यानंतर एकदाच ते खरोखर उंबऱ्यावर होते, २०१५ मध्ये : १० विजय, ६ पराभव, आणि थोडक्यात बाहेर. तेव्हा सात संघांची पद्धत असती तर ते आत असते, हे मुलाचं म्हणणं मान्य. पण १० सामने जिंकणारा संघ चांगला असतो, हलाखीतला नसतो. पुढे २०२० मध्ये सातवी जागा आली. त्या वर्षी जेट्सचे विजय दोन. २०२१ ला चार. २०२२ आणि २०२३ ला सात-सात. २०२४ ला पाच. समजा आठवी जागाही ठेवली असती. २०२२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स नऊ जिंकून बाहेर राहिले, २०२४ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स नऊ जिंकून बाहेर राहिले. म्हणजे आठव्या खुर्चीवर हे बसले असते. जेट्स तरीही दाराबाहेरच.

मुलगा आता सिअ‍ॅटलचं उदाहरण देईल, त्याला उत्तर तयार ठेवा. २०१० चे सिअ‍ॅटल सीहॉक्स सात जिंकले, नऊ हरले, पण त्यांचा गटच इतका सुमार की तेवढ्यावर गट जिंकला. बाद फेरीत आले आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या न्यू ऑर्लीन्स सेंट्सना ४१-३६ ने हरवलं. मार्शॉन लिंचने ६७ यार्ड धावत नेलेल्या चेंडूवर प्रेक्षकांनी एवढा थयथयाट केला की जवळच्या भूकंपमापकावर नोंद झाली. मीही तो तुकडा पुन्हा पुन्हा बघतो, आवडतो मला. पण त्याच वर्षी न्यू यॉर्क जायंट्स आणि टॅम्पा बे हे दोन संघ प्रत्येकी १० सामने जिंकून घरी बसले होते. एका थरारासाठी साखळीतल्या दहा विजयांना किंमत राहू नये, हे माझ्यासारख्या गुणतक्ते लिहिण्यात जन्म गेलेल्या माणसाला पटत नाही.

मग पडत्या संघाला मदत कशाने होते? ती तिथे होतेच, फक्त जानेवारीत होत नाही. ड्राफ्टमध्ये कॉलेजातून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड होते, त्यात पहिली उचल सर्वांत शेवटच्या संघाची. ही कल्पना बर्ट बेल यांची, फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक. त्यांचा स्वतःचा संघ तळात होता, म्हणून सुचली असणार! १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला आणि गंमत बघा, ईगल्सने पहिल्या क्रमांकावर ज्याला निवडलं तो जे बर्वांगर ही लीग कधी खेळलाच नाही. पण पद्धत टिकली. १९९४ पासून संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, आणि ती ग्रीन बेला तेवढीच, न्यू यॉर्कलाही तेवढीच. देशभराच्या टीव्ही हक्कांचे पैसे सगळ्यांत सारखे वाटतात. आणि चौथी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही : १७ पैकी तीन सामने असे लावतात की आदल्या वर्षी आपापल्या गटात ज्यांचा क्रमांक सारखा, ते एकमेकांशी खेळतात. म्हणजे शेवटचा शेवटच्याशी. मला या चारांतली ही सर्वांत शहाणी वाटते. शेवटच्या पत्रात ती पुन्हा येईल.

याचं फळ दिसतं. सिनसिनाटी बेंगल्स २०१९ मध्ये दोन जिंकले, १४ हरले. पहिली उचल मिळाली, जो बरो हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाच्या चाली चालवणारा खेळाडू, आला, आणि २०२१ च्या हंगामाअखेर ते सुपर बाऊलमध्ये होते. तिथे लॉस एंजलिस रॅम्सकडून तीन गुणांनी हरले, ते असो. डेट्रॉइट लायन्स २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरले होते. त्यांना वेळ लागला, बरीच वर्षं लागली. २०२१ मध्ये त्यांनी आपला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्सना दिला, बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि पुढच्या ड्राफ्टमधल्या उचली घेतल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्याच स्टॅफर्डच्या रॅम्सना २४-२३ ने हरवून लायन्सनी तीस वर्षांहून जास्त काळानंतर बाद फेरीतला सामना जिंकला. त्यांना कोणी जादा खुर्ची टाकून दिली नव्हती.

जेट्सनाही हीच मदत मिळाली. २०१८ मध्ये तिसरी उचल : सॅम डार्नल्ड. २०२१ मध्ये दुसरी : झॅक विल्सन. दोघेही क्वार्टरबॅक, पण दोघांचंही तिथे जमलं नाही, आणि डार्नल्ड पुढे मिनेसोटाकडून २०२४ च्या साखळीत १४ विजयांचा धनी झाला! २०२३ मध्ये मोठ्या थाटात अ‍ॅरन रॉजर्स या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला आणलं, तर पहिल्या सामन्यात चौथ्याच चालीला त्याच्या टाचेजवळचा स्नायुबंध तुटला. यावर बाद फेरीच्या रचनेत औषध नाही. काही दुर्दैव, बरीचशी निवड.

मग दार रुंद का करतात? जास्तीचे सामने विकले जातात म्हणून. जानेवारीतला बाद सामना म्हणजे टीव्हीवाल्यांची सुगी. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीचा मायामीशी सामना तर त्या दोन संघांची शहरं सोडून देशभर एकाच ऑनलाइन वाहिनीपुरता ठेवला होता, वर्गणी भरा आणि बघा. धंदा आहे, धंदा करू द्या. पण त्याला गरिबांचा कैवार म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि दर रुंदीला वरच्याचंही काहीतरी जातं : २०१९ पर्यंत प्रत्येक बाजूच्या पहिल्या दोघांना पुढे चाल होती, आता एकालाच आहे.

मुलाला सांगा, बाद फेरीचं गणित सोड आणि एप्रिलमधला ड्राफ्ट बघ. आणि जेट्सने एकमेव सुपर बाऊल जानेवारी १९६९ मध्ये जिंकला, तेव्हा त्यांना कोणी हिशोबातही धरलं नव्हतं, हेही सांगा. फोनवरचा आवाज थोडा सुधारेल.

प्रश्न : तुम्ही नेहमी जुन्या पद्धतीचे गोडवे गाता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एमएलएस या (पायाने खेळायच्या) फुटबॉल लीगमध्ये मेस्सीचा इंटर मायामी साखळीत पहिला आला आणि नवव्या क्रमांकाच्या अटलांटाने त्यांना बाद फेरीत बाहेर काढलं. नऊ जागा नसत्या तर हे झालं असतं का? लहान संघांनी कधी मोठ्यांना हरवायचंच नाही का?
— एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : हरवायचं की. मीही त्या दिवशी अटलांटाच्याच बाजूने होतो, मेस्सीचा पोस्टर नातवाच्या भिंतीवर असूनही.

पण आकडे पूर्ण सांग बाबा. मायामीचे साखळीत ७४ गुण, तोवरचा त्या लीगचा विक्रम. अटलांटाचे ४०. चौतीस गुणांचं अंतर तीन सामन्यांच्या मालिकेत पुसलं गेलं. ज्यांनी फेब्रुवारी ते ऑक्टोबर पैसे देऊन तिकिटं काढली, त्यांनी काय समजायचं? आणि तू विचारायला हवा होतास तो प्रश्न वेगळा : त्या विजयाने अटलांटाचं काय भलं झालं? पुढच्याच फेरीत ते ऑरलँडोकडून हरले. २०२५ च्या हंगामात २८ गुणांवर थांबले, त्यांच्या विभागात तळाच्या शेजारी. मायामीने मात्र त्याच वर्षी अंतिम सामना जिंकून चषक नेला. दारातून एकदा आत आलेला संघ आत आला म्हणून सुधारत नाही.

सुधारलेला संघ पाहायचा तर लांब कशाला, आपल्या गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड बघ. आयएसएलने, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगने, २०२२-२३ पासून बाद फेरीत चारऐवजी सहा संघ घेतले. त्याच पहिल्या वर्षी नॉर्थईस्ट शेवटचा : २० सामन्यांत एक विजय, एकूण पाच गुण. सहाच्या आठ जागा केल्या असत्या तरी पाच गुणांवाल्याला कोण विचारतं? त्यांनी हुआन पेद्रो बेनाली हा प्रशिक्षक आणला, संघ नव्याने बांधला आणि २०२४ च्या ड्युरँड चषकात मोहन बागानला पेनल्टीवर हरवलं. २०२५ मध्ये तोच चषक पुन्हा जिंकला. २०२४-२५ च्या हंगामात अलाएद्दीन अजराईने एकट्याने २३ गोल केले, आणि तेव्हा ते बाद फेरीत हक्काने आले, चौथे.

प्रो कबड्डीतही २०२५ ला बारापैकी आठ जणांना पुढे जायची वाट खुली केली. तुझ्यासारख्यांना ते आवडलं असेल. मला विचारशील तर बारातले चार वगळण्यासाठी एवढी मोठी साखळी खेळवायची म्हणजे आयोजकांच्या उत्साहाला दादच द्यायला हवी.

प्रश्न : सर, मी शहादा तालुक्यात क्रीडाशिक्षक आहे. आम्ही काही शाळा मिळून दोन दिवसांची चौदा वर्षांखालील फुटबॉल स्पर्धा घेतो. १२ संघ, बाद पद्धत. सातपुड्याच्या वरच्या पाड्यांवरच्या शाळा पहिल्याच सामन्यात हरतात आणि परत जातात. या वर्षी अध्यक्ष म्हणतात, हरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोघांना पुन्हा आत घेऊ. करावं का?
— शहाद्याहून एक शिक्षक

उत्तर : करू नका. तुमचे अध्यक्ष भल्या मनाचे दिसतात, पण त्यांनी काढलेला उपाय वरच्या दोन पत्रांतलाच आहे.

बाद पद्धतीत १२ संघ म्हणजे ११ सामने आणि चौघांना पुढे चाल. ही पुढे चाल बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीच्या चांगल्या संघांना देतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही तो मंडपात बसतो आणि जो पहाटे निघून आला तो सकाळी नऊला मैदानात. मी धुळ्याच्या शाळेत नोकरीला असताना हे वर्षानुवर्षं पाहिलं. धडगावकडची पोरं जीप ठरवून यायची. अंधारात निघालेली, घाटात दोघा-तिघांना उलट्या झालेल्या. अर्ध्यांच्या पायात बूट नाहीत. पळायला मात्र अशी, की आमची पोरं नुसती बघत राहावीत. समोर शहरातली शाळा, त्यांना प्रशिक्षक, एकसारखे गणवेश. नऊला शिट्टी, पावणेदहाला निकाल, नऊ-शून्य. दहा वाजता पोरं निंबाखाली भाकरी-ठेचा खात बसलेली आणि जीपवाला त्यांच्या सरांना विचारतोय, “व्हई गयं का इतलामाच?” त्या पोरांनी त्या दिवशी फुटबॉल म्हणून जे पाहिलं ते पाऊण तासाचं. वर्षात एकदा.

चिठ्ठीत त्यांचं नाव निघालं असतं तर काय झालं असतं? दुपारी आणखी एका तगड्या शाळेकडून आठ गोल. त्यांना हवे होते सामने, आणि तेही बरोबरीच्यांशी.

तेव्हा असं करा. बारांचे चार गट पाडा, तीन-तीनचे. गेल्या वर्षीचे उपांत्य फेरीतले चार संघ वेगवेगळ्या गटांत. गटात सगळे सगळ्यांशी खेळतील : १२ सामने. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं, म्हणजे पाऊण तासाला एक सामना आरामात बसतो. दोन मैदानं आखा. एका मैदानावर दोन गट आलटून पालटून खेळवले की दम खायला वेळ मिळतो, आणि साडेचार-पाच तासांत पहिला दिवस आटोपतो. सर्वांत लांबून येणाऱ्यांचा पहिला सामना अकराच्या आधी लावू नका. रात्री शाळेच्या वर्गात सतरंज्या टाका, खिचडी करा. एवढं गाव करतं.

दुसऱ्या दिवशी चार गटविजेते एका चषकासाठी, चार दुसरे दुसऱ्या चषकासाठी, चार तिसरे तिसऱ्यासाठी. प्रत्येकात दोन उपांत्य, एक अंतिम. नऊ सामने. एकूण २१ झाले, ११ च्या जागी. कोणताही संघ तीनपेक्षा कमी सामने खेळून घरी जाणार नाही, आणि तिसरा सामना हमखास आपल्या तोडीच्या संघाशी होईल. एनएफएलवाले शेवटच्याशी शेवटचा खेळवतात ते हेच, त्यांना तीन सामन्यांत जमतं, तुम्हाला एका दिवसात जमवायचं आहे. मुख्य विजेतेपद मात्र गट जिंकणाऱ्या चौघांतच राहील, त्यामुळे शहरातल्या शाळांची तक्रार यायचं कारण नाही. आली तरी ऐकून घ्या आणि सोडून द्या.

खर्च वाढेल तो पंचांचा आणि फक्कीचा. पंचांसाठी कॉलेजातली जुनी खेळाडू पोरं धरा, चहा-नाश्त्यावर आनंदाने उभी राहतात. चेंडू चार क्रमांकाचाच घ्या, या वयाला पाच नंबर जड जातो. काळ्या मातीचं मैदान असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारा, नाहीतर दुपारपर्यंत धुळीत चेंडू दिसणार नाही. तिन्ही चषक एकाच उंचीचे आणा. तिसऱ्या चषकाचा अंतिम सामनाही मुख्य मैदानावर, मंडपासमोर लावा. अध्यक्षांचं भाषण त्याच्या आधी नको, नंतर.

आणि अध्यक्षांना चिठ्ठ्यांची हौसच असेल, तर उरलेले आठ संघ गटांत टाकताना त्यांच्याच हातून उचलून घ्या.